घरी रचलेले गाणे

गिटार हे वाद्य आता आपल्याकडे नवलाईचे राहिलेले नाही. शहापूरपासून टिळकवाडीपर्यंत कोणत्याही गल्लीत एखाद्या तरी घरी ती भिंतीला टेकून उभी असते, आणि वसतिगृहात तर मजल्यागणिक एक असते. ती वाजवणाऱ्यांपैकी फार थोडे जण कुणा गुरूकडे रीतसर शिकलेले असतात. मित्राकडून चार कॉर्ड उचलायचे, पाचवा आपला आपण शोधायचा, बोटांना घट्टे पडेपर्यंत वाजवायचे आणि मग सिनेमातली गाणी म्हणायची, असा हा सर्वसाधारण अभ्यासक्रम. त्यात गैर काहीच नाही. पण यांच्यातल्याच एखाद्याला केव्हातरी स्वतःचे चार शब्द सुचतात, त्यांना चाल सापडते, आणि खोलीतले सगळे झोपल्यावर तो ते गाणे आपल्या फोनवर ध्वनिमुद्रित करतो. दुसऱ्या दिवशी एकदा ऐकतो, लाजतो आणि पुसून टाकतो.

या पुसून टाकण्याविषयी मला लिहायचे आहे. अशी कितीतरी गाणी आपल्या आसपास जन्मतात आणि चोवीस तासांच्या आत नाहीशी होतात. त्यांतली बरीचशी सामान्यच असणार, हे मान्य. तरीही ती पुसली जाऊ नयेत, असे माझे स्पष्ट मत आहे; आणि ते केवळ भावनेपोटी नाही, त्याला कारणे आहेत.

प्रथम हे गाणे पुसले का जाते ते पाहू. ज्या कानांनी आपण ते ऐकतो, त्या कानांना दिवसभर स्टुडिओतल्या गाण्यांची सवय झालेली असते. तिथे प्रत्येक वाद्य वेगळे मुद्रित होते, चुकलेली ओळ पुन्हा गाऊन घेतात, बेसूर जागा यंत्राने सुरात बसवतात. त्या झगझगाटानंतर आपल्या गाण्यात मागे फिरणारा पंखा, तारेवर घासलेल्या बोटाचा आवाज आणि शेवटच्या कडव्यात दमलेला गळा ऐकू आला, की आपले गाणे भिकार आहे असा ग्रह होतो. वास्तविक ही तुलनाच चुकीची आहे. घरची भाकरी आणि हॉटेलातली थाळी यांना एकच माप लावून चालत नाही. घरी केलेले गाणे ही स्टुडिओतल्या गाण्याची गरीब नक्कल नव्हे. ती जात वेगळी आहे, आणि ती फार जुनी आहे.

किती जुनी, याचे उत्तर आपल्या आजी-पणज्यांच्या जात्यापाशी मिळते. पहाटे दळताना बाया ओव्या म्हणत. ना साथ, ना श्रोते, ना कुणाची वाहवा. हातात खुंटा, समोर पीठ, आणि मनात माहेर, भाऊ, पाऊस, सासुरवास, पंढरी. हेमा राईरकर आणि गी पोइटविन यांनी महाराष्ट्रातल्या खेडोपाडी हिंडून अशा एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. त्यांतल्या पुष्कळशा त्या बायांच्याच आवाजात मुद्रित झाल्या. आपल्या मासिकाच्या कन्नड विभागातल्या मित्रांना हे सांगायला नकोच. त्यांच्याकडेही दळताकांडताना म्हणायची त्रिपदीतली गाणी आहेत, आणि विजापूर जिल्ह्यातल्या हलसंगीच्या साहित्यप्रेमी मित्रमंडळींनी संकलित केलेला ‘गरतिय हाडु’ हा संग्रह कन्नडात मानाने वाचला जातो. ‘गरती’ म्हणजे घरंदाज बाई. तिचे गाणे ते घरचे गाणे. सीमेच्या अलीकडे काय आणि पलीकडे काय, जात्याची घरघर एकाच स्वरात चालत होती. ही गाणी कुणी लिहून घेतली, मुद्रित केली, म्हणून राहिली. ज्या गावांत तसे कुणी गेले नाही, त्या गावांतल्या ओव्या जात्याबरोबरच गेल्या.

कुणी म्हणेल, ओवीचे ठीक आहे, पण गिटारवाल्या हौशी पोराचा तिच्याशी काय संबंध? त्यासाठी गिटारच्या मुलखातलेच एक उदाहरण देतो. अमेरिकेतल्या नॉर्थ कॅरोलायना राज्यात १८९३ साली एलिझाबेथ कॉटन नावाची एक कृष्णवर्णीय मुलगी जन्मली. शाळा लवकर सुटली, लोकांच्या घरी धुणीभांडी नशिबी आली. त्या मजुरीतून साठवलेल्या पावणेचार डॉलरची तिने गिटार घेतली. ती डावखुरी. शिकवणारे कुणी नाही. तेव्हा उजव्या हाताची गिटार तिने उलटी धरली. खर्जाच्या तारा बोटांनी आणि चालीच्या तारा अंगठ्याने, अशी उफराटी पद्धत स्वतःच बसवली. घराजवळून जाणाऱ्या मालगाडीवर तिने वयाच्या बाराव्या वर्षाच्या सुमारास एक गाणे रचले, ‘फ्रेट ट्रेन’. पुढे लग्न झाले, मूल झाले, चर्चमधल्या मंडळींनी असली ऐहिक गाणी सोड म्हणून सांगितले, आणि गिटार सुटली ती कित्येक दशके.

उतारवयात ती सीगर नावाच्या संगीतज्ञ कुटुंबात घरकामाला लागली. तिथे भिंतीवरची गिटार काढून ती वाजवू लागली तेव्हा घरातल्या मुलांना तिचा गुण कळला. त्यांतल्या माइक सीगरने १९५७-५८ च्या सुमारास तिच्या स्वतःच्या घरी जाऊन टेपरेकॉर्डरवर तिची गाणी मुद्रित केली आणि १९५८ साली फोकवेज कंपनीने त्यांची तबकडी काढली. त्या वेळी तिचे वय पासष्टच्या घरात होते. तिची ती उलट्या हाताची पद्धत पुढे तिच्याच नावाने ओळखली जाऊ लागली, आणि १९८५ साली, नव्वदी ओलांडल्यावर, तिला ग्रॅमी पारितोषिक मिळाले.

या कथेला आणखी एक बाजू आहे, आणि ती आपल्या विषयाच्या दृष्टीने जास्त महत्त्वाची आहे. तिची तबकडी निघण्यापूर्वीच ते मालगाडीचे गाणे ऐकीव रूपाने इंग्लंडात पोहोचले होते. १९५७ साली तिथल्या एका गायकवृंदाने ते गायले, ते घरोघर गाजले, आणि कर्ते म्हणून नावे लागली भलत्याच दोघांची! गाणारीने बारा वर्षांची असताना रचलेले गाणे पन्नास वर्षांनी दुसऱ्याच्या नावावर चढले, कारण तोवर ते कुठे नोंदलेच गेले नव्हते. पुढे सीगर कुटुंबाने खटपट केली म्हणून तिचे श्रेय तिला मिळाले. सगळ्यांनाच सीगर भेटतात असे नाही.

तेव्हा पहिले कारण हे. मुद्रण म्हणजे जाहिरात नव्हे, ती नोंद आहे. आपल्या देशात १९५७ च्या प्रताधिकार कायद्याप्रमाणे गाणे रचले आणि लिहून वा मुद्रित करून ठेवले, की त्यावरचा हक्क आपोआप रचणाऱ्याचा होतो. सरकारदरबारी नोंदणी केलीच पाहिजे असे बंधन नाही. हा हक्क कर्त्याच्या हयातीत आणि त्याच्यानंतर साठ वर्षे टिकतो. पण हक्क असणे वेगळे आणि तो दाखवता येणे वेगळे. पुसून टाकलेल्या गाण्याची साक्ष कोण देणार?

दुसरे कारण कानाशी निगडित आहे. आपला आवाज आपल्याला गाताना जसा ऐकू येतो तसा तो इतरांना ऐकू जात नाही, कारण आपल्या कानांपर्यंत तो हवेतून येतो तसाच कवटीच्या हाडांतूनही येतो, आणि हाडांतून येणारा आवाज अधिक भरदार वाटतो. म्हणून मुद्रित आवाज प्रथम ऐकला की प्रत्येकालाच तो परका आणि पातळ वाटतो. तो फोनचा दोष नाही. जो मनुष्य हे पहिले परकेपण सोसून दुसऱ्यांदा, पाचव्यांदा ऐकतो, त्याला मग आपल्या गाण्यातल्या खऱ्या जागा दिसू लागतात: इथे श्वास अपुरा पडला, इथे शब्द चालीखाली चिरडला, इथे मात्र काहीतरी जमले. गुरू नसलेल्या हौशी वादकाला हा आरसा फार मोलाचा आहे. आरसा फोडून चेहरा सुधारत नसतो.

आता आक्षेपांकडे वळू. शास्त्रीय संगीताची आवड असणारे काही वडीलधारे म्हणतात, स्वरज्ञान नाही, रियाझ नाही, आणि गाणी कसली करता? रियाझाला पर्याय नाही हे शंभर टक्के खरे. पण गाणे करण्याचा परवाना रियाझाने मिळतो असे मात्र नाही. आपल्याच तालुक्यातल्या सुळेभावीत १९२४ साली जन्मलेल्या कुमार गंधर्वांचे उदाहरण घ्या. क्षयाच्या दुखण्यात देवासला अंथरुणावर पडून असताना त्यांच्या कानांवर माळव्यातल्या बायांची गाणी पडत. त्या अशिक्षित गळ्यांतल्या धुनांचा त्यांनी पुढे वर्षानुवर्षे अभ्यास केला आणि त्यांतून नवे राग उभे केले. एवढा मोठा गवई ज्या गाण्यांपाशी शिष्य होऊन बसला, ती गाणी कुणा पंडिताने रचलेली नव्हती. बी कुठे पडेल हे सांगता येत नाही; ते जाळून टाकू नये एवढेच आपल्या हाती असते.

दुसरा आक्षेप असा की गिटार परकी. हा आक्षेप बेळगावात तरी कुणी घेऊ नये! हार्मोनियमही युरोपातूनच आली. तिच्यावर मींड निघत नाही, तिचे सूर ठोकळेबाज, म्हणून १९४० साली रेडिओवर तिला बंदी झाली, आणि ती बंदी सैल व्हायला १९७१ साल उजाडले. पण त्याच हार्मोनियमवर आपल्या गावातल्या पंडित रामभाऊ विजापुऱ्यांनी (१९१७-२०१०) अवघे आयुष्य वेचले, आणि त्यांच्या हाताखाली तयार झालेल्या शिष्यांनी तिला देशभर मान मिळवून दिला. वाद्य परके की आपले, हे ते कुठून आले यावर ठरत नाही. त्याच्याकडून आपण काय बोलवून घेतो यावर ठरते.

एक मर्यादा मात्र प्रामाणिकपणे सांगितली पाहिजे. गिटारच्या मानेवरच्या पट्ट्या सप्तकाचे बारा सारखे भाग पाडून बसवलेल्या असतात. त्यामुळे तिचा शुद्ध गंधार तंबोऱ्यातून उमटणाऱ्या स्वयंभू गंधारापेक्षा किंचित चढा असतो. एका अर्ध्या स्वराचे शंभर भाग केले तर सुमारे चौदा भागांनी चढा. पंडित ब्रिजभूषण काबरा आणि पंडित विश्वमोहन भट्ट यांनी यावर तोड काढली ती पट्ट्यांना बगल देऊन, तारेवरून दांडी घसरवत वाजवण्याची. आपण हौशी वादकांनी तेवढे करण्याची गरज नाही. पण गळ्याने गंधाराची जी जागा घेतली असेल ती गिटारच्या धाकाने सोडू नये, एवढे जपता येते. आणि म्हणूनच सूर ‘दुरुस्त’ करणारी यंत्रे मला धोक्याची वाटतात. १९९७ साली ऑटोट्यून निघाले, आणि आज तसल्याच करामती फोनमध्ये मिळतात. बारा घरांपैकी जवळच्या घरात स्वर ढकलून देणे हे त्यांचे काम. बेसूर स्वराबरोबर ती आपली मींडही ढकलतात, कणही पुसतात, आणि उरतो तो कुणाचाच नसलेला गुळगुळीत गळा. मग ते गाणे घरचे राहिले कुठे?

तिसरा आक्षेप मुद्रणाच्या दर्जाचा. त्याला उत्तर म्हणून एका धंदेवाईक गायकाचीच गोष्ट पुरे आहे. १९८२ च्या जानेवारीत अमेरिकन गायक ब्रूस स्प्रिंगस्टीन याने न्यू जर्सीतल्या आपल्या घरी, चार ट्रॅकच्या कॅसेट यंत्रावर, गिटार घेऊन काही गाणी मुद्रित केली. हेतू एवढाच की वाद्यवृंदाला चाली समजाव्यात. ती कॅसेट बिनडबीची त्याच्या खिशात हिंडत होती. पुढे स्टुडिओत साग्रसंगीत प्रयत्न झाले, पण घरच्या मुद्रणातला एकांत काही तिथे येईना. शेवटी ती कॅसेटच तबकडी म्हणून काढली; तीच ‘नेब्रास्का’, आणि आज ती त्याच्या उत्तम कामांत गणली जाते. पैसा, वादक, यंत्रे सगळे हाताशी असताना त्या माणसाने खोलीतला आवाज निवडला, आणि आपण मात्र खोलीतल्या आवाजाची लाज बाळगतो!

इथवर बाजू घेतली. आता आपल्याच मंडळींचे दोषही सांगतो. घरी रचलेल्या गाण्यांत सगळ्यांत कच्चा असतो तो शब्द. गिटारचा ठोका इंग्रजी गाण्यांवरून शिकलेला असतो, आणि मग मराठी शब्द त्या ठोक्यावर ओढूनताणून बसवले जातात. आपल्या भाषेत ऱ्हस्वदीर्घाला अर्थ आहे. ‘सुत’ लांबवला की ‘सूत’ होते आणि ‘दिन’ लांबवला की ‘दीन’. मुलाचा धागा व्हायला आणि दिवस केविलवाणा व्हायला वेळ लागत नाही. यासाठी फार दूर जाण्याचे कारण नाही. सहा-सहा-सहा आणि चार अक्षरांचा अभंग आपल्या कानांत लहानपणापासून आहे. भजनी ठेक्याच्या आठ मात्रा गिटारच्या चार-चारच्या मोजणीत सहज बसतात. ओवीचा शेवटचा आखूड चरण गिटारवर किती सुंदर सोडता येतो, हे करून पाहावे. दुसरा दोष विषयाचा. ज्या समुद्रकिनाऱ्यावर आपण कधी उभे राहिलो नाही, ज्या विरहाचा आपल्याला अनुभव नाही, तो गाण्यात कशाला? अनगोळच्या तळ्यावरचा पाऊस, परीक्षेच्या निकालाची सकाळ, गावाहून येणारा एस.टी.तला डबा, एका घरात बोलल्या जाणाऱ्या दोन भाषा, हे सारे गाण्याला पुरेसे आहे. एखादी ओळ कन्नडात सुचली तर तीही तशीच राहू द्यावी.

मुद्रणापुरत्या चार व्यवहाराच्या गोष्टी. पंखा बंद करावा. खिडकीकडे पाठ नको. कपड्यांनी भरलेल्या उघड्या कपाटासमोर किंवा गाद्यांच्या चळतीपाशी बसावे, म्हणजे भिंतींचा घुमारा शोषला जातो. फोन हातभर अंतरावर, गिटारच्या पोकळीच्या अगदी समोर न धरता मानेच्या मुळाशी रोखून ठेवावा. पुष्कळसे फोन आवाज आपोआप वरखाली करतात; ती सोय बंद करता आली तर करावी. मूळ प्रत संक्षेप न करता जपावी. दर सेकंदाला ४४,१०० नमुने या नेहमीच्या दर्जाने तिला मिनिटाला सुमारे १० मेगाबाइट जागा लागते, म्हणजे चार मिनिटांच्या गाण्याला ४०. आजच्या हिशेबाने हे काहीच नाही. संदेशातून पाठवलेली प्रत मात्र आक्रसलेली असते, तिच्यावर विसंबू नये. आणि सर्वांत महत्त्वाचे, गाणे सुरू करण्यापूर्वी आपले नाव, गाव आणि तारीख तोंडाने सांगावी. एलिझाबेथ कॉटनला ज्याची उणीव भासली ते आपल्याला दहा सेकंदांत करता येते.

मित्रहो, फोनवर टाकलेल्या गाण्याला किती जणांनी पसंतीची खूण केली यावरून त्याची किंमत ठरवण्याची एक नवी रीत पडली आहे. बावीस खुणा मिळाल्या म्हणून गाणे पुसणारे आपल्यात आहेत. जात्यावरच्या बाईला एकही मिळाली नव्हती. गाणे प्रथम करणाऱ्यासाठी असते, मग त्याच्या घरासाठी, मग गावासाठी; त्यापुढे गेले तर आनंद, न गेले तर तक्रार नाही. शंभर जणांनी अर्धवट ऐकण्यापेक्षा चार मित्रांनी शेवटपर्यंत ऐकून बरेवाईट सांगणे हे हौशी कलावंताला अधिक पोषक असते.

म्हणून एक सूचना करावीशी वाटते. आपल्या वार्षिक स्नेहसंमेलनात सिनेमाच्या तयार साथीवर गाणी होतात, तीत रंगही भरतो, ती व्हावीत. परंतु त्यातला अर्धा तास स्वतः रचलेल्या गाण्यांसाठी राखून ठेवावा. मराठी, कन्नड, कोकणी, उर्दू, जी ज्याची भाषा असेल ती. स्पर्धा नको, क्रमांक नको, पारितोषिक नको. आणि ग्रंथालयात जसे या मासिकाचे जुने अंक बांधून ठेवले जातात, तसे त्या गाण्यांचे मुद्रण, शब्द आणि तारखा यांसह, दरवर्षी जपून ठेवावे. खर्च म्हणावा तर एका छोट्या तबकडीएवढा. या मासिकात आपण कच्च्या कविता छापतोच. त्या छापल्यामुळेच पुढच्या वर्षी थोड्या कमी कच्च्या कविता येतात. गाण्याला तेवढीच संधी द्यावी, याहून अधिक मागणे नाही. तोवर, ज्यांच्या फोनमध्ये काल रात्रीचे एखादे गाणे अजून पुसायचे राहिले असेल, त्यांनी ते आज पुसू नये.